बर्फावरचे बालपण आणि नियमपुस्तकातील तारीख

फिगर स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात 'मूल' कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर एका तारखेने दिलेले आहे. स्पर्धांचा हंगाम १ जुलैला सुरू होतो आणि त्या दिवसापूर्वी खेळाडूचे किती वाढदिवस साजरे झाले, एवढ्यावरून तिने कनिष्ठ गटात उतरावे की वरिष्ठ, हे निश्चित होते. एकेरीच्या कनिष्ठ गटासाठी १३ वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि १९ पूर्ण झालेली नकोत. वरिष्ठ गटासाठी दीर्घकाळ १५ ही किमान मर्यादा होती. जून २०२२ मध्ये थायलंडमधील फुकेत येथे भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने ती १७ वर नेली. ठरावाच्या बाजूने १०० आणि विरोधात १६ मते पडली. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवीत २०२४-२५ च्या हंगामापासून ती पूर्णपणे लागू झाली.

या ठरावानंतर दोन प्रकारचे आवाज उठले. एका पक्षाच्या मते बालकांच्या हक्कांचा हा मोठा विजय होता. दुसऱ्या पक्षाच्या मते हा प्रतिभेचा गळा घोटण्याचा प्रकार होता. ज्या मुलीला पंधराव्या वर्षी जगातील सर्वोत्तम उडी मारता येते, तिला दारात अडविणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. आम्हांला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. वयोमर्यादा वाढविणे योग्यच होते, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. मात्र ज्या व्यवस्थेने मुलींच्या शरीरांचा हिशेब गुणांत मांडला, तिला या ठरावाने धक्काही लावलेला नाही, आणि तरीही तिच्या शुद्धीकरणाचा सोहळा पार पडला, हे आमचे म्हणणे आहे.

प्रथम 'प्रतिभावाद्यां'चा समाचार घेऊ. त्यांचा आवडता दाखला सोन्या हेनीचा. १९२४ च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये ती अवघ्या ११ वर्षांची होती. पुढे तिने लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि दहा जागतिक विजेतेपदे मिळविली. तिला कोणी वय विचारले असते तर इतिहास केवढ्या वैभवाला मुकला असता, असे हे लोक म्हणतात. इतिहास मात्र थोडा अधिक वाचावयास हवा. शामोनीला हेनी आठ स्पर्धकांत आठवी, म्हणजे शेवटची आली होती. १९३२ च्या लेक प्लॅसिडला सेसिलिया कॉलेज आणि मेगन टेलर या दोन ब्रिटिश मुली अकराव्या वर्षीच उतरल्या. पदक दोघींनाही मिळाले नाही. त्या काळात बर्फावर ठरावीक आकृत्या काटेकोरपणे कोरून दाखविणे हा स्पर्धेचा मोठा भाग होता आणि त्या आकृत्यांना वर्षानुवर्षांची बैठक लागे. लहान मूल स्पर्धेत येई, पण खेळाची घडणच अशी होती की जिंकण्यासाठी त्याला मोठे व्हावे लागे. या आकृत्या १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हद्दपार झाल्या. उरल्या त्या उड्या, गिरक्या आणि सादरीकरण. खेळाचे केंद्र सरकले आणि त्याबरोबर विजेतीचे वयही सरकले. हेनीच्या काळातील अकरा वर्षांची मुलगी आणि आजची तेरा वर्षांची मुलगी एकाच परंपरेतील आहेत असे मानणे, हा इतिहासाचा आळशी वापर होय.

१९९६ मध्ये संघाने १५ वर्षांची मर्यादा घातली खरी, पण आधीच जागतिक स्पर्धेत उतरलेल्यांना सूट दिली. त्या सुटीतून तारा लिपिन्स्की आत आली. १९९७ मध्ये ती चौदाव्या वर्षी जगज्जेती झाली आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये १५ वर्षे २५५ दिवस एवढ्या वयात तिने सुवर्णपदक मिळविले. हेनीचा सत्तर वर्षांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी तिने हौशी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. २००० मध्ये, अठराव्या वर्षी, तिच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. विक्रमाची गोष्ट सांगणारे बहुधा नागानोच्या रात्रीशीच थांबतात.

आता प्रतिभावाद्यांचा सर्वांत बळकट पुरावा: माओ असादा. तिचा जन्म २५ सप्टेंबर १९९० चा. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकसाठी १ जुलै २००५ पूर्वी १५ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. तिचे ८७ दिवस कमी पडले. डिसेंबर २००५ मध्ये तिने ग्रां प्री मालिकेची अंतिम फेरी जिंकली होती, कारण त्या मालिकेला वयाची अट वेगळी, १४ वर्षांची होती. म्हणजे डिसेंबरमध्ये जगातील उत्तमोत्तम स्पर्धकांना हरविणारी मुलगी फेब्रुवारीत त्याच स्पर्धकांसमोर उभी राहण्यास 'लहान' ठरली. यातील विसंगती आम्ही नाकारीत नाही. कोणतीही रेषा कोणावर तरी अन्याय करतेच. परंतु या अन्यायाचे पुढे काय झाले ते पाहा. असादा २००८, २०१० आणि २०१४ अशी तीन वेळा जगज्जेती झाली, २०१० च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिच्याच महिन्यात जन्मलेली, तुरिनला तशीच अपात्र ठरलेली किम युना २०१० मध्ये सुवर्णपदक आणि २०१४ मध्ये रौप्यपदक घेऊन गेली. दार बंद झाल्याने यांपैकी कोणाचीही प्रतिभा करपली नाही.

याउलट ज्यांच्यासाठी दार उघडे होते त्यांची यादी पाहा. युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकताना १५ वर्षांची होती. २०१७ मध्ये, खाण्याच्या विकारावर उपचार घेतल्यानंतर, एकोणिसाव्या वर्षी तिने खेळ सोडला. अलिना झागितोवाने २०१८ मध्ये पंधराव्या वर्षी सुवर्णपदक मिळविले. २०१९ च्या डिसेंबरनंतर ती स्पर्धेत दिसली नाही, तेव्हा ती १७ वर्षांची होती. चार-सहा उदाहरणांवरून शास्त्रीय सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण 'संधी हुकली तर आयुष्य संपले' हा प्रतिभावाद्यांचा सिद्धान्त तर या उदाहरणांपुढे क्षणभरही उभा राहत नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. पंधराव्या वर्षीची मुलगी बाविसाव्या वर्षीच्या स्त्रीला हरविते ती कशाच्या बळावर? उत्तर गुणांच्या दरपत्रकात आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील पंचगिरीच्या घोटाळ्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक उडीला ठरावीक मूल्य देणारी नवी पद्धत आली. २०१८ नंतरच्या दरपत्रकानुसार हवेत तीन गिरक्या घेणाऱ्या लुट्झ उडीचे मूळ मूल्य ५.९० आणि चार गिरक्यांच्या लुट्झचे ११.५०. एका गिरकीसाठी जवळजवळ दुप्पट! खेळाडूंच्या भाषेत 'क्वाड' म्हणून ओळखली जाणारी ही उडी एका सेकंदाहून बऱ्याच कमी अवधीत पूर्ण करावयाची असते. त्यासाठी शरीर हलके, अरुंद आणि अक्षाभोवती घट्ट आवळता येण्याजोगे असावे लागते. मुलग्याच्या बाबतीत वयात येणे म्हणजे स्नायूंचे बळ वाढणे. ते त्याच्या उडीला साह्य करते. मुलीच्या बाबतीत निसर्गाने केलेली वाढ, कमरेची रुंदी, वजन, उंची, ही सारी उडीच्या गणितात वजाबाकीच्या बाजूला जातात. म्हणून दरपत्रक कागदावर सर्वांना समान असले तरी मुलींना ते एक भयंकर वाक्य सांगते: वाढण्यापूर्वी जिंकून घे.

मराठी वाचकाला बालप्रतिभेचे कौतुक शिकवावे लागत नाही. सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये कराचीला सोळाव्या वर्षी उतरला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि अशा वादात हा दाखला हमखास पुढे केला जातो. पण तेंडुलकरची वाढ त्याच्या खेळाच्या बाजूने होती. खांदे भरले, मनगटे बळकट झाली आणि तो २०१३ पर्यंत खेळला. जेथे वाढणे ही कमाई असते असा खेळ वेगळा आणि जेथे वाढणे हा दोष ठरतो असा खेळ वेगळा. दोन्हींना एकच न्याय लावणाऱ्याने खेळही पाहिला नाही आणि मूलही पाहिले नाही.

शब्दांचा प्रश्न आमच्या व्यवसायाचा असल्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. २०२१ मध्ये संघाने 'लेडीज' हा जुनाट शब्द काढून 'विमेन' हा शब्द स्वीकारला आणि समतेच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणून त्याचे स्वागत झाले. पुढच्याच वर्षी बेजिंग ऑलिंपिकच्या 'महिला' एकेरीत सर्वांत मोठी दावेदार होती ती १५ वर्षांची कामिला व्हालियेवा. नावात महिला आणि बर्फावर मुलगी! शब्द बदलण्यास विलंब लागला नाही. त्या शब्दाचा अर्थ पूर्ण करण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

व्हालियेवाचे प्रकरण या व्यवस्थेचा आरसा आहे, म्हणून ते तपशिलाने पाहणे भाग आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेले, हृदयविकारावरील औषध आढळले. अहवाल आला तो ८ फेब्रुवारी २०२२ ला, सांघिक स्पर्धा उरकल्यानंतर. उत्तेजकविरोधी संहितेनुसार १६ वर्षांखालील खेळाडू ही 'संरक्षित व्यक्ती' असते. या संरक्षणाचा आणि अहवालाला झालेल्या विलंबाचा आधार घेऊन क्रीडा लवादाने तिला एकेरीत खेळू दिले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केले की ती पहिल्या तिघींत आली तर पदकप्रदान सोहळाच होणार नाही. साऱ्या जगाच्या नजरा अंगावर घेऊन ती मुलगी बर्फावर उतरली, पुनःपुन्हा पडली आणि चौथी आली. बाहेर येताच तिच्याशी जो व्यवहार झाला त्यातील थंडपणाबद्दल समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनीही जाहीर अस्वस्थता व्यक्त केली.

हे कसले संरक्षण? एका नियमपुस्तकाने तिला वरिष्ठ म्हटले आणि ऑलिंपिकच्या रणात लोटले. दुसऱ्या नियमपुस्तकाने तिला संरक्षित म्हटले आणि त्याच शब्दाच्या जोरावर तिला पुन्हा त्याच रणात लोटले. तिला त्या आठवड्यात घरी नेणे, कॅमेऱ्यांपासून दूर ठेवणे, हा संरक्षणाचा साधा मानवी अर्थ दोन्ही पुस्तकांतील कोणत्याही कलमात बसला नाही. पुढे २९ जानेवारी २०२४ रोजी लवादाचा अंतिम निर्णय आला: २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांची बंदी. सज्ञान खेळाडूला होते तेवढीच शिक्षा! निर्णयाच्या दिवशी ती १७ वर्षांची होती. ज्या वयाला क्रीडाजगत आता वरिष्ठ गटाची पहिली पायरी म्हणते, त्या वयात तिच्या ऑलिंपिकमधील कामगिरीवर काट मारली गेली. संरक्षण मिळाले ते खेळण्यापुरते. शिक्षेच्या वेळी ते गळून पडले. पंधरा वर्षांच्या मुलीच्या रक्तात औषध गेले तेव्हा तिच्या भोवती प्रशिक्षक होते, वैद्य होते, अधिकारी होते. निकालपत्राने सुनावलेली बंदी मात्र एकट्या तिच्या नावावर आहे.

आता 'विजयवाद्यां'कडे वळू. त्यांच्या मते १७ ची मर्यादा हे या शोकांतिकेचे उत्तर आहे. एक साधा हिशेब त्यांनी करून पाहावा. हीच मर्यादा बेजिंगच्या वेळी लागू असती तर १ जुलै २०२१ पूर्वी १७ पूर्ण असण्याची अट असती. सुवर्णपदक मिळविणाऱ्या आना श्चेर्बाकोवाचा जन्म मार्च २००४ चा, ती पात्र. पाच क्वाड मारून रौप्यपदक घेणाऱ्या अलेक्सांद्रा त्रुसोवाचा जन्म २३ जून २००४ चा. आठवडाभराच्या फरकाने का होईना, तीही पात्र. कांस्यपदक घेणारी काओरी साकामोतो तर २१ वर्षांची होती. म्हणजे नव्या नियमाने त्या व्यासपीठावरील एकही चेहरा बदलला नसता. व्हालियेवा तेवढी बाहेर राहिली असती. आणि त्रुसोवाने पहिले क्वाड केव्हा मारले? मार्च २०१८ मध्ये, सोफिया येथील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत, तेराव्या वर्षी. त्या तेरा वर्षांच्या मुलीला नवा नियम काय म्हणतो? काहीही म्हणत नाही. कनिष्ठ गटात उडी मार, सराव कर, पड, पुन्हा उठ. फक्त १७ ची होईपर्यंत ऑलिंपिकचे तिकीट मागू नकोस. बर्फावर आदळणाऱ्या घोट्याला आणि पाठीच्या कण्याला आपण कनिष्ठ गटात आदळत आहोत की वरिष्ठ, हे कळत नसते.

आम्ही ज्या मुलामुलींना शिकवितो त्यांच्या वर्गांनाही हेच शब्द लागू आहेत. अकरावी-बारावी म्हणजे आपल्याकडचे कनिष्ठ महाविद्यालय. ते ओलांडून सतरा-अठराव्या वर्षी विद्यार्थी वरिष्ठ महाविद्यालयात येतो. तेथे आलेल्याच्या हाती कनिष्ठ स्तरावर जे पेरले तेच असते. कनिष्ठ वर्गात घोकंपट्टी करवून घ्यावयाची आणि वरिष्ठ वर्गाच्या दारावर 'येथे स्वतंत्र विचारास प्रोत्साहन मिळेल' अशी पाटी लावावयाची, यातला दांभिकपणा आमच्या परिचयाचा आहे. स्केटिंग संघाने दारावरची पाटी बदलली. आतला अभ्यासक्रम तोच आहे.

आणि हा अभ्यासक्रम बदलता येत नाही असे कोणी सांगू नये. २०१८ मध्ये झागितोवाने आपल्या मुक्त कार्यक्रमातील सर्व उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण उत्तरार्धातील उडीला दहा टक्के जादा गुण मिळत. रसिकांची तक्रार झाली की रचनेचा तोल गेला. पुढील हंगामापासून ही सवलत मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांपुरती मर्यादित करण्यात आली. बेजिंगच्या वेळीही महिलांच्या लघु कार्यक्रमात क्वाडला परवानगी नव्हती. म्हणजे एखादी उडी एखाद्या विभागात वर्ज्य करणे या संघाला नवे नाही. सौंदर्यदृष्टी दुखावली तेव्हा दरपत्रक काही महिन्यांत बदलले. मुलींचे सांधे दुखावले तेव्हा केवळ जन्मतारखेचा रकाना बदलला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे: माओ शिमादासारख्या मुलीचे काय? ३० ऑक्टोबर २००८ ला जन्मलेली ही जपानी मुलगी, जिचे नाव आईवडिलांनी असादावरून ठेवले, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे कनिष्ठ गटातील जगज्जेती होती. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी १ जुलै २०२५ पूर्वी १७ पूर्ण हवी होती. चार महिने कमी पडले. जिच्यावरून नाव ठेवले तिचेच प्राक्तन वाट्याला यावे, हा योग एखाद्या कादंबरीत आला असता तर आम्ही तो कृत्रिम ठरविला असता. तिच्याविषयी आम्हांला हळहळ वाटते. पण तिला न्याय द्यावयाचा तर रेषा मागे घेण्याने तो मिळणार नाही. पुढच्या ऑलिंपिकला, एकविसाव्या वर्षी, वाढलेल्या शरीरानिशीही तिला जिंकता येईल असा खेळ घडविणे, हाच तिला द्यावयाचा न्याय होय.

असा खेळ अशक्य नाही. बेजिंगची कांस्यपदकविजेती साकामोतो २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये क्वाडविना लागोपाठ तीन वेळा जगज्जेती झाली. तेव्हा रशियन स्पर्धक बंदीमुळे बाहेर होत्या, हे मान्य करूनही तिच्या वेगाचे आणि पायांखालच्या बर्फावरील हुकमतीचे मोल कमी होत नाही. ॲलिसा लिऊ तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, सोळाव्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षे खेळाबाहेर साधे आयुष्य जगली आणि परत येऊन २०२५ मध्ये जगज्जेती झाली. डिअ‍ॅना स्टेलाटो-ड्यूडेक २००० मध्ये कनिष्ठ जागतिक स्पर्धेत दुसरी आली, दुखापतीमुळे खेळ सोडून गेली, सोळा वर्षांनी परतली आणि २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी जोडी प्रकारात जगज्जेती झाली. या तिघींच्या वाटा परस्परांहून भिन्न आहेत. पण 'वाढण्यापूर्वी जिंकून घे' हे वाक्य तिघींनीही खोटे पाडले.

म्हणून आमच्या मागण्या सोप्या भाषेत मांडतो. कनिष्ठ गटात क्वाडला गुण देणे बंद करावे. ज्याचा मोबदला नाही त्याचा सराव अकराव्या वर्षी कोणी करवून घेणार नाही. उत्तेजकविरोधी संहितेतील आणि खेळातील 'मूल' एकच असावे. जी व्यक्ती संरक्षित आहे ती वरिष्ठ गटात नसावी आणि तिच्या शिक्षेचा विचारही त्या संरक्षणासह व्हावा. अज्ञान खेळाडूच्या नमुन्यात औषध सापडले तर पहिली जाहीर सुनावणी तिच्या प्रशिक्षकाची आणि वैद्याची व्हावी. प्रत्येक प्रशिक्षकाच्या नावापुढे त्याच्या पदकांबरोबरच त्याच्या किती विद्यार्थिनी विसाव्या वर्षी अजून खेळत आहेत, हा आकडाही छापला जावा. पदकांचा तक्ता ठेवणाऱ्या जगाला आणखी एक रकाना ठेवणे जड जाऊ नये.

या मागण्या मान्य होतील, असा भाबडा विश्वास आम्ही बाळगीत नाही. कारण त्या मान्य करणे म्हणजे प्रेक्षकाकडून एक सुख काढून घेणे आहे, आणि त्या प्रेक्षकांत आपणही येतो. लहानशा मुलीने अशक्य ते करून दाखवावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात. ती मोठी होऊ लागली की नव्या मुलीकडे वळावे. आजवर कोणत्याही अधिवेशनात या आपल्या सवयीवर मतदान झालेले नाही. तेव्हा पुढल्या वेळी पडद्यावर एखादी मुलगी हवेत चार गिरक्या घेऊन उतरेल, तेव्हा तिचे वय काय हे विचारून थांबू नका. गेल्या ऑलिंपिकला तिच्या जागी कोण होती आणि ती आज कोठे आहे, तेवढे विचारा.